अंगठ्याचा भार

आमच्या मोजणीच्या खोलीत नव्या माणसाला सगळ्यात आधी अंगठा मुडपायला शिकवतात. गेज, म्हणजे माप तपासायची पोलादी कांडी, दोन बोटांत धरायचा, सिगरेट धरतात तसा, नळीच्या तोंडावर आणायचा आणि सोडून द्यायचा. मदत करायची नाही. भिंतीवर पाटीही आहे : ‘गेजला स्वतःचं वजन पुरेसं आहे.’ ही पाटी कुणी लिहिली ठाऊक नाही, पण ज्याने लिहिली त्याच्या घरात लुडबुड करणारं कुणीतरी असणार, असं मला नेहमी वाटतं.

आम्ही रायफलच्या नळ्या मोजतो. कारखान्यात नेमबाजीच्या रायफली होतात. नळीचं आतलं भोक, म्हणजे बोअर, मापात आहे की नाही एवढंच आम्ही बघायचं. नळी स्टँडमध्ये उभी करायची. गो नावाचा गेज किंचित बारीक असतो, तो आपल्या वजनाने तळापर्यंत उतरला पाहिजे. उतरताना हवा बाहेर पडते आणि सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येतो. दुसरा नो-गो. तो किंचित जाड, आणि तो तोंडाशीच अडला पाहिजे. गो उतरला, नो-गो अडला, की नळी पास. नो-गो आत शिरला तर बोअर मोठं झालं. मग तोंडाला लाल रंग आणि नळी करवतीकडे. बोअर मोठं झालं की ते पुन्हा लहान करता येत नाही.

आता यात गोम अशी की नो-गोला वरून जरासं रेटलं तर तो चांगल्या नळीतही शिरतो. पोलाद झालं तरी त्या बारीक हिशेबात तेही थोडं ऐकून घेतं. म्हणून अंगठा मुडपायचा.

खोलीत टेबलं दोन. एक माझ्या वहिनीचं, एक माझं. माझं लग्न मोडलं तेव्हा वहिनीने मला घरात वरची खोली दिली आणि कारखान्यात शेजारचं टेबल. दोन्ही वेळा एकदाही उपकाराची भाषा केली नाही, उलट वरच्या खोलीतली जळमटं नीट काढली नाहीस म्हणून पहिल्याच दिवशी झापलं. एरवी ती मला अगं-तुगं करते. रागावली की मी ‘वन्सं’ होते आणि मला अहो-जाहो सुरू होतं. मग समजायचं, आज आपली धडगत नाही.

वहिनीइतका खरा हात कारखान्यात दुसरा नव्हता, हे तिच्या पाठीमागेही लोक म्हणत. भाजीवाल्याने पारड्याखाली बोट लावलं तर ती ते बोट धरून वर करायची आणि चारचौघांना दाखवायची. तिच्याबरोबर बाजारात जायची मला लाज वाटते.

दादा, म्हणजे माझा भाऊ आणि तिचा नवरा, रीमरवर होता. रीमर म्हणजे बोअरवरून शेवटचा हात फिरवून त्याला मापात आणणारं हत्यार. दादा नाकासमोर चालणारा माणूस. त्याला बोलतं करायचं म्हणजे गंजलेला नट सोडवायचा : तेल घालायचं आणि वाट बघायची.

त्या वर्षी कारखान्याने स्पर्धेच्या रायफलींसाठी नवं मशीन घेतलं. ते दुसऱ्या गावच्या शाखेत बसणार होतं. त्यावर एकच कारागीर जाणार होता आणि तिथेच राहणार होता, आठवड्याला एकदा घरी. हंगामभरात ज्याच्या नळ्या सगळ्यात कमी बाद होतील त्याला पाठवायचं ठरलं. खरी चुरस दोघांत होती. एक दादा, दुसरा जावई. जावई म्हणजे फोरमनचा जावई, आणि त्याला त्याच्या तोंडावरही सगळे जावईच म्हणत. माणूस कामाला चांगला होता, पण सासऱ्याच्या हाताखाली काम करणाऱ्याचं चांगलं काम कुणाला दिसतं?

दादाला ते मशीन हवं होतं. मला त्याने सांगितलं नाही, पण त्या मशीनचं चित्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. शर्ट काढताना सकाळी उगाच दोन मिनिटं दार उघडं ठेवून उभा राहायचा.

आणि वहिनीला ते त्याच्यापेक्षा जास्त हवं होतं. तिने गुपचूप प्रवासाची बॅग आणली, चांगली चाकांची. वर माझ्या खोलीत आणून मला दाखवली. “या माणसाने जन्मभर आहे त्या मशीनवर निभावून नेलं,” ती म्हणाली. “एकदा तरी चांगलं हत्यार हाताला लागू दे त्याच्या. आठवडाभर घर खायला उठेल, उठू दे.” दादाला मात्र एवढंच म्हणाली, “जायचं तर जा. माझं काही अडत नाही.” वहिनीचं हे असंच आहे. ज्याच्यावर जीव त्याच्याशी तुसडेपणा. मला तर ती दिवसातून चारदा झापते.

सगळं नीट चाललं होतं. मग एके दिवशी कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं, “फोरमन जावयालाच पुढे काढणार, बघा.” त्यावर दुसरा म्हणाला, “आणि याच्या नळ्या कोण मोजतंय? बायकोच ना? दोघांचीही सोय घरातच.” सगळे हसले. आम्ही मागच्या बाकावर होतो. वहिनीने कप खाली ठेवला. चहा अर्धा तसाच.

तसं म्हणणं चुकीचं नव्हतं. शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या दालनात, मशीनच्या दोन ओळी. डाव्या ओळीच्या नळ्या वहिनीकडे, उजव्या ओळीच्या माझ्याकडे. दादा डावीकडे, जावई उजवीकडे. नळीवर फक्त नंबर असतो, कारागिराचं नाव नसतं. पण दादा रॅकमध्ये नळ्या लावताना सगळे नंबर वरच्या बाजूला येतील अशा फिरवून ठेवतो. दुसरं कुणी एवढी टापटीप करत नाही. नवऱ्याचं काम बायकोने ओळखू नये म्हणून नंबर झाकले असते, तरी ते मांजराने डोळे मिटून दूध पिण्यासारखंच झालं असतं.

फोरमनच्या कानावर ते बोलणं गेलं असावं. तो भला माणूस. स्वतः खोलीत आला आणि म्हणाला, “बाई, हंगामापुरत्या ओळी बदलून घेता का? तुम्ही उजवीकडच्या बघा, या डावीकडच्या बघतील.”

“कशाला?” वहिनी म्हणाली. “आज बदलल्या तर लोक म्हणतील इतके दिवस खोटं चाललं होतं. माप ते माप. नवऱ्याची नळी असली म्हणून भोक लहान होत नाही.”

फोरमन माझ्याकडे बघून गेला. मला तर तिचा अभिमानच वाटला.

त्यानंतर दादाच्या नळ्या बाद व्हायला लागल्या. आधी एखाददुसरी, मग प्रत्येक रॅकमध्ये. डाव्या ओळीतल्या बाकीच्यांच्या पूर्वीसारख्याच पास होत होत्या, फक्त दादाच्याच नळ्यांना लाल रंग लागत होता. वहिनीच्या कपाळाला आठ्या पडायच्या. तीही हैराण होती. एकदा मी चेष्टेत म्हणाले, “वहिनी, आपला तो बाळ्या असं लोक म्हणतात. तू उलटंच चालवलंयस.”

“वन्सं, तुमचं टेबल बघा,” ती म्हणाली. मी पुढची नळी उचलली.

घरी तर त्याहून मजा. दादाला रोज कळायचं किती नळ्या गेल्या. तो यायचा, हातपाय धुवायचा, जेवायला बसायचा. वहिनी वाढायची. दोघंही हवापाण्याचं बोलायची. मला वाटायचं, आता ठिणगी पडेल. पण पडली नाही. शेवटी मीच त्याला जिन्यात गाठलं.

“तुझा रीमर बिघडलाय का रे?”

“रीमर ठीक आहे.”

“मग?”

“मग काही नाही,” तो म्हणाला आणि खाली गेला. कपाटाच्या दारातलं चित्र त्याने त्याच सुमारास काढलं. चिकटपट्टीचे चार डाग तेवढे राहिले.

हंगाम संपला. मशीन जावयाला मिळालं. दादाने सगळ्यांसमोर त्याचा हात हातात घेतला, पाठीवर थाप मारली, आणि ते खोटं वाटलं नाही. वहिनीने बॅग माळ्यावर टाकली आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. नळाचं पाणी फार वेळ वाहिलं म्हणून मला कळलं. जावई दुसऱ्याच आठवड्यात सामानसुमान घेऊन निघून गेला.

आता थंडोबाबद्दल. तो आमच्या मुख्य गेजांचा रखवालदार. त्याची खोली बारमाही गार ठेवतात, कारण उष्णतेने पोलाद फुगतं आणि मापं बिघडतात. त्यामुळे भर उन्हाळ्यातही तो स्वेटर घालून फिरतो, म्हणून थंडोबा. बोलणंही तसंच, कुणाच्या अंगाला ऊब लागणार नाही असं. वर्षातून एकदा तो सगळे गेज तपासतो आणि त्याच वेळी आमचे हातही तपासतो. तीच नळी दोनदा, न सांगता, वेगवेगळ्या वेळी पुढे ठेवायची आणि दोन्ही वेळा तोच निकाल येतो का ते बघायचं. त्याला आम्ही हातपरीक्षा म्हणतो.

त्या वर्षी करवत बिघडली होती, त्यामुळे हंगामातल्या शेवटच्या बाद नळ्या कापल्या न जाता कोपऱ्यात पडून होत्या. थंडोबाने त्यांतल्या काही उचलल्या, तोंडाचा लाल रंग रसायनाने पुसला, नंबरांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या, इतर नळ्यांत मिसळल्या आणि आम्हा दोघींपुढे ठेवल्या. नळ्या आणि गेज सारखेच गार-गरम असावेत म्हणून एक रात्रभर त्या आमच्या खोलीत टेबलावर ठेवल्या. सकाळी आम्ही मोजायला बसलो. तो स्टूल ओढून मध्ये बसला, हात स्वेटरच्या बाहीत.

मी सगळ्या पास केल्या. वहिनीनेही सगळ्या पास केल्या. तिचे हात नेहमीसारखेच चालले होते, घाई नाही, गडबड नाही, गो सुस्कारा टाकत उतरत होता आणि नो-गो तोंडावर उभा राहत होता. मला वाटलं, झालं, आता चहाला जाऊ.

थंडोबाने पट्ट्या सोलल्या. “या सहा नळ्या,” तो वहिनीला म्हणाला, “तुम्ही आधी बाद केलेल्या आहेत. आज तुम्हीच पास केल्या.”

वहिनी म्हणाली, “असं होणार नाही.”

“मीही माझ्या खोलीत मोजल्या. चांगल्या आहेत. सहाही एकाच मशीनच्या आहेत.” मग त्याने मशीनचा नंबर सांगितला. तो दादाचा होता.

मला वहिनीचा संताप आला. खरं सांगते, मनात आलं, ही बाई माझ्या भावाला पाण्यात बघते की काय? पण तिचा चेहरा बघितला आणि तो संताप कुठे टेकवावा तेच कळेना. ती चोरी पकडली गेल्यासारखी दिसत नव्हती. जिन्यात पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तशी दिसत होती.

“गेज बदलला असेल,” ती म्हणाली.

“गेज तोच आहे. यातली एक घ्या,” थंडोबा म्हणाला. “कुणाची आहे ते आता माहीत आहे तुम्हाला. पुन्हा बघा. नेहमी बघता तशी.”

तिने नळी स्टँडमध्ये लावली. गो सोडला, तो उतरला. नो-गो उचलला, दोन बोटांत धरला, तोंडावर आणला. सोडला. तो अडला. इथे निकाल झाला होता. दुसऱ्या कुणाची नळी असती तर तिने गेज उचलून पुसून ठेवला असता. पण तिचा हात तिथेच थांबला, नीट खात्री करायची म्हणून, आणि मुडपलेला अंगठा हळूच सुटून गेजच्या माथ्यावर टेकला. दाबलं असंही म्हणता येणार नाही. नुसता टेकला. नो-गो आत गेला.

वहिनी आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली. तो तिचा आहे याची तिला खात्री पटत नसावी.

“म्हणजे प्रत्येक वेळी...” ती म्हणाली.

“बहुधा,” थंडोबा म्हणाला. मग त्याच्या परीने त्याने तिला धीर दिला. “लोक आपल्या माणसाला सांभाळून घेतात. ते मी पुष्कळ पाहिलंय. हे पहिल्यांदा पाहिलं.”

कँटीनमधला तो अर्धा कप चहा मला आता समजला. बायकोने नवऱ्याला पास केलं असं कुणी म्हणू नये म्हणून ती त्याची प्रत्येक नळी एकदा जास्त तपासत होती. त्या जास्तीच्या तपासणीत सगळं गेलं. आणि तिच्या खरेपणावर कुणाचा, तिचाही, कधी संशय नव्हता, त्यामुळे तिच्या हाताकडे कुणी बघितलंच नाही. मीही हाताच्या अंतरावर बसून माझ्याच नळ्या बघत होते.

वहिनी तशीच उठून फोरमनकडे गेली. मी मागोमाग. तिने झालं ते सगळं सांगितलं, शब्द न गिळता. फोरमनने चष्मा काढून डोळे चोळले.

“बाई, ज्या कापल्या त्यांचं काय करू? या सहांवरून हंगाम कसा फिरवू? आणि जावयाला परत आणलं तर लोक म्हणतील सासऱ्याने आधी पाठवला आणि मग घाबरून परत आणला. तो तिकडे कामाला लागलाही.” थोडं थांबून तो म्हणाला, “तुम्हाला म्हटलं होतं, ओळी बदला.”

“म्हटलं होतंत,” वहिनी म्हणाली.

थंडोबाच्या अहवालावरून तिला टेबलावरून उठवलं आणि नवशिक्यांसारखं पुन्हा अंगठा मुडपायच्या सरावाला बसवलं. घरी येताना वाटेत मला म्हणाली, “आज त्यांना सांगते. माझ्याच तोंडून कळू दे. उद्या शॉपभर होईल.”

“काय सांगशील?”

“हेच. की लोकांच्या बोलण्याला मी भ्याले आणि त्याची किंमत तुझ्या दादाने भरली.”

संध्याकाळी जेवायला बसलो. दादाचं ताट वाढून झालं, माझं झालं, स्वतःचं वाढून घेतलं, तरी ती सुरुवात करीना. शेवटी घास हातात धरूनच म्हणाली, “अहो, तुमच्या नळ्या चांगल्या होत्या.”

“माहीत आहे,” दादा म्हणाला.

“माहीत आहे म्हणजे?”

“मी मोजून पाठवतो. मशीनपाशी माझाही गेज आहे.”

वहिनीने घास ताटात ठेवला. “पहिल्यापासून माहीत होतं?”

“हो.”

“मग बोलला का नाहीत? फोरमनकडे का नाही गेलात? माझ्याशी का नाही भांडलात?”

दादा पाणी प्यायला. “आधी राग आला होता. फार आला. वाटलं, एकदा सगळ्यांसमोर नळ्या आणून आपटाव्यात तुझ्या टेबलावर. मग लक्षात आलं.”

“काय लक्षात आलं?”

“की तुला मी जायला नकोय.”

दादाचा चेहरा कधी नव्हे तो खुलला होता.

“तोंडाने म्हणायचीस, जायचं तर जा, माझं काही अडत नाही. आणि तिकडे माझ्या नळ्यांना रंग. मी म्हटलं, अरेच्चा. ही बाई भाजीवाल्याला सोडत नाही. तू माप खोटं करशील असं दुसऱ्या कुणी सांगितलं असतं ना, तर कानाखाली दिली असती मी त्याच्या. आणि तू केलंस. कुणासाठी? तर मी घरी राहावं म्हणून. इतक्या वर्षांत तू कधी म्हणाली नाहीस तसं काही. मशीनचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मशीन काय, लोखंडच शेवटी.”

एवढं एका दमात बोललेलं मी त्याला जन्मात ऐकलं नव्हतं. बोलून झाल्यावर तो लाजला आणि मान खाली घालून जेवायला लागला.

मी वहिनीकडे बघितलं. तिची मान ताठ होती, पण कानशिलं लाल झाली होती. खोटं माप केलंस असं तिला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं, आणि आता म्हणणारा ते कौतुकाने म्हणत होता. तिने फक्त खरं सांगायचं होतं. तू समजतोस तसं काही नाही, मला तू जायला हवा होतास, बॅगही आणली होती, माझ्या हाताला लोकांची भीती बसली होती, बस्स. एवढंच सांगितलं की तिचा खरेपणा तिला परत मिळत होता. माझ्याच तोंडात ते सगळं आलं होतं. मी तोंड उघडलंही.

“वन्सं,” ती म्हणाली, “पाणी आणा जरा.”

तांब्या भरलेला होता. तरी मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. नळाशी उभी राहिले, नळ सोडला नाही. मग वहिनीचा आवाज आला, नेहमीसारखाच, थोडा तुसडा.

“हो. नको होतात मला जायला. झालं समाधान?”

दादा मोठ्याने हसला.

मी पाणी घेऊन बाहेर आले. दादाने आणखी वाढ म्हणून ताट पुढे केलं होतं आणि वहिनी वाकून वाढत होती. तिच्या स्वतःच्या ताटातला पहिला घास तसाच पडून होता.